सर्वश्रेष्ठ कोण, आणि किती सेकंदांनी

३ मार्च, मंगळवार

रक्तदाब १४०/९०.

डॉक्टरांनी रोजचा रक्तदाब वहीत लिहून ठेवायला सांगितलंय. एवढी जाड वही आणि त्यात रोज दोन आकडे, हे माझ्या जिवावर येतं. म्हणून उरलेल्या जागेत इतर गोष्टी लिहीन. बायकोला दुसऱ्याचं वाचायची सवय नाही. सासरेबुवांना एकाच डोळ्यानं दिसतं आणि तो डोळा त्यांनी माझ्या चुका शोधण्यासाठी राखून ठेवलाय. तेव्हा वही सुरक्षित आहे.

आज क्लबाची सभा झाली. आमच्या बॉक्सिंग क्लबाला एकोणतीस तारखेला पंच्याहत्तर वर्षं पुरी होतात. रंग द्यायचा म्हणून रिंगच्या वरच्या भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले होते. आता समितीनं ठरवलंय की परत लावायचा तो एकच आणि मोठा. क्लबाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ विजेता. अध्यक्षांनी खिळासुद्धा ठोकून घेतलाय. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. क्लबामुळे त्यांचा दवाखाना चालतो असं लोक म्हणतात आणि ते नाकारत नाहीत.

सर्वश्रेष्ठ कोण यावर अर्धा तास चर्चा झाली, त्यात तीन खुर्च्या आडव्या झाल्या आणि खजिनदाराचा चष्मा गेला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, हे काम अशा माणसाकडे द्या ज्यानं चाळीस वर्षांत कुणाचीच बाजू घेतलेली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्लबाचा टाइमकीपर. फेरी सुरू करताना घंटा, तीन मिनिटं झाली की घंटा. एरवी पोटासाठी घड्याळं दुरुस्त करतो. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात टाळ्या झाल्या.

घरी आलो तर सासरेबुवा दारातच. "किती वाजले, जावईबापू?"

मी म्हणालो, सव्वासात.

"नक्की?"

हे चाळीस वर्षं चाललंय. आधी घड्याळजीला वेळ विचारायची आणि वर नक्की का म्हणायचं. लग्नाला होकार देतानासुद्धा ते एवढंच म्हणाले होते, मुलगी देतो, पण घड्याळ नीट लावत जा. सासूबाई गेल्या त्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ते आमच्याकडे राहतात आणि दिवसातून चार वेळा माझी परीक्षा घेतात.

५ मार्च, गुरुवार

१३८/८८.

उमेदवार चार.

पहिले मिशीवाले. क्लब त्यांनीच काढला आणि पहिली दहा वर्षं विजेतेही तेच राहिले. एकतीस लढती, एकतीस विजय. जुनं रजिस्टर बारकाईनं वाचलं तर यातल्या सव्वीस लढती त्यांच्या दोन चुलतभावांशी झालेल्या आहेत, आणि दोघेही चुलतभाऊ त्यांच्याच गिरणीत नोकरीला होते.

दुसरे खुंटा, म्हणजे आमचे सासरेबुवा. अकरा वर्षं विजेते. रिंगमध्ये जागचे हलायचे नाहीत आणि पडायचे तर मुळीच नाहीत, म्हणून हे नाव पडलं. एकोणचाळिसाव्या वर्षी तेविशीतल्या पोराला हरवून त्यांनी पट्टा राखला. क्लबात आजही ही गोष्ट नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतात. त्या लढतीबद्दल मला वेगळं काही म्हणायचं नाही.

तिसरा टँकर. दुधाचा टँकर चालवतो आणि दिसतोही तसाच. एकोणीस नॉकआउट. त्याचा ठोसा बसला की समोरचा खल्लास, आणि समोरच्याचा त्याच्या हनुवटीला लागला की हाही खल्लास. त्याच्या लढतींत फेरी संपायची घंटा मला फारशी द्यावीच लागली नाही. माझ्या दृष्टीनं तो सुखाचा काळ होता.

चौथ्या नर्सबाई, सध्याच्या विजेत्या. बाहेरगावी लढून तीन पदकं आणलेली क्लबातली एकमेव व्यक्ती. समितीतले दोघे म्हणाले की बाईमाणसाचा हिशेब वेगळा ठेवा. मी म्हणालो, हे त्यांच्यासमोर बोलून या. ते म्हणाले, तसं काही नाही, आम्ही आपलं सुचवलं.

अडचण अशी की हे चौघे एकमेकांशी कधी लढलेच नाहीत. मिशीवाल्यांच्या वेळी फेऱ्यांना मोजमाप नव्हतं, एक जण बसेपर्यंत चालायचं. टँकरच्या वेळी डोक्याला टोप आला. नर्सबाई लढतीआधी स्वतःच्या आहाराचा तक्ता भिंतीला लावतात, आणि खुंटा लढतीआधी सायकलवरून दोन पोती कोळसा पोचवून यायचे. यांना एका तराजूत बसवायचं तर काहीतरी गणित हवं.

९ मार्च, सोमवार

१४२/९०.

गणित केलं. विजयाला दोन गुण, नॉकआउटला तीन, पराभवाला वजा चार. मिशीवाले पहिले आले. मग मी चुलतभाऊ-वजावट नावाचा प्रकार काढला, म्हणजे नातेवाइकाला हरवलं तर अर्धाच गुण. मिशीवाले चौथे गेले आणि नर्सबाई पहिल्या आल्या. खजिनदार म्हणाले, नर्सबाई खूप लढती लढल्या म्हणून गुण जास्त, सरासरी काढा. सरासरी काढली तर एक पाववाला पहिला आला. हा पन्नास वर्षांपूर्वी एकच लढत लढला, जिंकला आणि पुढच्या आठवड्यात गाव सोडून गेला. शंभर टक्के यश. अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, त्याचा फोटो मिळेल का?

बायकोनं विचारलं, बाबा कितवे? मी म्हणालो, प्रत्येक वेळी दुसरे. ती नुसती हसली. मला वाटतं तिला वाईट वाटलं असावं.

१० मार्च, मंगळवार

१५८/९८. (आज डावखुरा दुकानात येऊन गेला. त्याचा याच्याशी संबंध नसावा.)

डावखुरा म्हणजे खुंट्यानं हरवलेला तो तेविशीतला पोरगा. आता माझ्याएवढाच, त्रेसष्ट. दोन गल्ल्या पलीकडे त्याची लाँड्री आहे. त्या लढतीनंतर चार महिन्यांनी त्याचा डावा हात लाँड्रीच्या प्रेसमध्ये सापडला. बोटं वाचली, पण मूठ पुन्हा वळली नाही. परत लढायचा प्रश्नच उरला नाही. म्हणून विजेत्यांच्या फलकावर त्याचं नाव कुठंच नाही.

लाँड्रीच्या वाफेनं त्याच्या घड्याळात दव धरतं. त्याचं काम मी तिथल्या तिथं करून देतो. बाकीच्यांना पंधरा दिवस थांबवतो आणि याला पंधरा मिनिटं, असं बायको म्हणते. त्यात काही नाही, साधं काम असतं. मी स्वतः त्याच्या लाँड्रीत कधी जात नाही, मला वाफेचा त्रास होतो. कपडे बायकोच नेते.

सासरेबुवा दिवसभर दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात. डावखुरा आला की ती खुर्ची त्याला देतात आणि स्वतः स्टुलावर बसतात. मग दोघे गुडघ्यांबद्दल बोलतात. कुणाचा कुठला गुडघा किती वाजतो, कुठलं तेल कुचकामी. त्या लढतीबद्दल दोघांच्या तोंडून मी अवाक्षर ऐकलेलं नाही.

डावखुऱ्याला भिंतीची बातमी लागलेली होती. म्हणाला, "खुंट्यालाच द्या. मी लढलोय त्यांच्याशी. बाकीचे तिघं लढलेत का?"

सासरेबुवांनी यावर मला वेळ विचारली.

१४ मार्च, शनिवार

१४०/८८.

एक गंमत. सासरेबुवांना सकाळी दोन अंडी लागतात, बरोबर तीन मिनिटं उकडलेली. ती ते स्वतःच करतात, आणि घड्याळ बघत नाहीत. आज मी दाराआड उभा राहून स्टॉपवॉच लावलं. अंडी पाण्यात पडली तेव्हा चालू केलं, बाहेर आली तेव्हा बंद केलं. तीन मिनिटं शून्य सेकंद. वाटलं, योगायोग असेल. त्यांना म्हणालो, मलाही दोन करा. पुन्हा तीन मिनिटं शून्य सेकंद, आणि तेही मधे बायकोशी भांडत असताना.

मी विचारलं, हे कसं काय? ते म्हणाले, "वीस वर्षं रिंगमध्ये काढली की तीन मिनिटं अंगात बसतात. कुणी सांगावी लागत नाहीत."

बायको म्हणाली, मग ह्यांना दिवसभर वेळ कशाला विचारता? ते म्हणाले, जावयाशी काहीतरी बोलायला नको का.

एका डोळ्याचा, एकोणऐंशी वर्षांचा माणूस, आणि डोक्यात असं घड्याळ. मला मोठं कौतुक वाटलं. अंडीही चांगली झाली होती.

१७ मार्च, मंगळवार

१५०/९४.

नवं गणित केलं. विजेतेपदाच्या प्रत्येक वर्षाला पाच गुण आणि 'कधीही न पडल्याबद्दल' वीस. खुंटा पहिले, तेही चांगल्या फरकानं. समितीनं मान्य केलं. डावखुऱ्याशी झालेल्या लढतीत, शेवटच्या फेरीत ते एकदा पडले होते असं एक म्हातारा सभासद पुटपुटला, पण क्लबाच्या पुस्तकात 'पाणी सांडल्यामुळे पाय घसरला' असं लिहिलेलं आहे. ते पुस्तक मीच लिहिलंय.

आता समारंभात मी गणित वाचून दाखवायचं आणि खाली सही करायची. 'टाइमकीपर या नात्याने मी निःपक्षपातीपणे प्रमाणित करतो की.' मजकूर अध्यक्षांचा आहे.

निघताना नर्सबाई हातांच्या पट्ट्या सोडत होत्या. मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटलं नाही ना? त्या म्हणाल्या, "काका, मला मेल्यावर लावा. आत्ता भिंतीवर बसून काय करू?" मग म्हणाल्या, पण तुमच्या गणितात एक राहिलंय. कोण किती जिंकलं ते आहे, कोणाशी जिंकलं ते नाही. खुंटाआजोबा चांगले कशावरून? तर त्यांनी डावखुऱ्याला हरवलं. मग आधी डावखुरा किती चांगला होता ते काढा. तो गुणांवर हरला ना? किती गुणांनी? पडले कोण, उभं कोण होतं?

मी म्हणालो की तेव्हाची कागदपत्रं सापडत नाहीत. ती माझ्याच कपाटात आहेत.

घरी सासरेबुवांना बातमी दिली. वाटलं होतं खूश होतील, निदान वेळ तरी विचारतील. ते म्हणाले, मला नको. मी म्हणालो, बाबा, हा मोठेपणा आहे तुमचा. ते म्हणाले, मोठेपणा नाही, नको म्हणजे नको. मग थोड्या वेळानं म्हणाले, बरं येतो, पण डावखुऱ्याला बोलवा. पहिल्या रांगेत बसवा.

मला हे जरा विचित्र वाटलं. आपण हरवलेल्या माणसाला आपला मान दाखवायला बोलावणं त्यांच्या स्वभावात नाही.

२१ मार्च, शनिवार

१६४/१००.

डॉक्टर म्हणाले, मीठ बंद करा. मिठाचा काही दोष नाही.

लिहूनच टाकतो. वही बायको वाचत नाही, सासरेबुवांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि माझं अक्षर घड्याळजीचं आहे.

ती शेवटची फेरी. पहिल्या दोन फेऱ्या खुंट्यानं घेतल्या होत्या. तिसऱ्या फेरीत डावखुरा सुटला. दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आसपास त्याचा डावा बसला आणि खुंटा पडला. सांडलेलं पाणी वगैरे काही नव्हतं. पंचानं मोजायला सुरुवात केली. मी घंटेपाशी होतो, डाव्या हातात स्टॉपवॉच, उजव्या हातात घंटेची हातोडी. वय तेवीस. आणि दुसऱ्या रांगेत त्यांची मुलगी बसली होती. महिन्यापूर्वी ती वडलांचं घड्याळ घेऊन दुकानात आली होती, तेव्हापासून माझं कामात लक्ष नव्हतं. पंच चार म्हणाला, पाच म्हणाला. तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले. सहा. सात. आणि मी घंटा दिली.

शेवटच्या फेरीची घंटा झाली की मोजणी थांबते, हा तेव्हाचा नियम. लढत संपली. पहिल्या दोन फेऱ्यांच्या जोरावर खुंटा गुणांवर जिंकले. आरडाओरडा इतका होता की कुणी स्वतःचं घड्याळ बघितलं नाही.

घंटा देताना स्टॉपवॉच मी सवयीनं बंद केलं होतं. ते तसंच आहे, दुकानातल्या खालच्या खणात. शून्यावर आणायला फक्त एक खटका दाबावा लागतो, आणि दुनियेचे खटके दाबणाऱ्या मला तो चाळीस वर्षांत दाबता आला नाही. काटा दोन मिनिटं एकोणपन्नासवर आहे.

अकरा सेकंद. आठ, नऊ, दहा मोजून होऊन वर आठ सेकंद उरले असते.

हे फक्त मला माहीत आहे.

२४ मार्च, मंगळवार

रक्तदाब बघितला नाही.

बायकोला सांगितलं. ती क्लबातल्या मुलांच्या हातांना बांधायच्या पट्ट्या गुंडाळत बसली होती. मी सगळं सांगितलं, अगदी तिनं डोळे झाकले तिथपर्यंत. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ती रागावेल, पण आतून तिला जरा बरंही वाटेल. एखाद्यानं आपल्यासाठी एवढं केलं, असं.

तिनं गुंडाळणं थांबवलं नाही. म्हणाली, आईनं बाबांकडून शब्द घेतला होता. एकदा हरले की बस, ग्लोव्हज खुंटीला. वर्षानुवर्षं आम्ही दोघी प्रत्येक लढतीला जायचो ते त्यासाठी.

मला कळेना. मी म्हणालो, पण तू डोळे झाकलेस.

"ते पडले म्हणून नाही झाकले," ती म्हणाली. "ते उठतील म्हणून झाकले."

ते जिंकले. शब्दातून सुटले. पुढच्या वर्षी परत लढले, आणि त्या लढतीत त्यांचा डावा डोळा गेला. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. पण घंटा आणि डोळा मी कधी एका ओळीत लिहिले नव्हते.

मी म्हणालो, म्हणजे माझ्यामुळे. ती म्हणाली, चहा गार होतोय. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. मला फार वाईट वाटलं. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण मी आपला चहा पिऊन घेतला. ती तो प्या म्हणाली होती असं वाटलं.

२६ मार्च, गुरुवार

१६०/९६.

बायको दोन दिवस माझ्याशी फक्त भाज्यांबद्दल बोलतेय. काय आणायचं, किती आणायचं. आज म्हणाली, बाबांना सांगणार आहात का?

मी म्हणालो, या वयात त्यांना धक्का बसेल. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला ते असं काढून घ्यायचं का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादं सोपं गणित चुकलोय. म्हणाली, तुम्हाला खरंच वाटतं की त्यांना अभिमान आहे?

मग परत भाज्यांवर आली.

२८ मार्च, शनिवार

१५६/९६.

उद्याची दोन भाषणं लिहिली. एकात गणित आणि सही. दुसऱ्यात अकरा सेकंद. पहिलं उजव्या खिशात ठेवलं, दुसरं डाव्या. लिहिताना दुसरं छोटं झालं, चार ओळींचं. पहिलं पाच पानांचं आहे आणि त्यात दोन तक्ते आहेत.

खरं सांगितलं तर क्लबातून हाकलतील. हाकलू देत, गुडघे दुखतात तसेही. बायको बोलत नाहीच आहे. डावखुरा काय करेल माहीत नाही, त्याचा उजवा हात अजून चांगला आहे. भीती वाटते ती फक्त सासरेबुवांची. त्यांनी मला चाळीस वर्षांत कधी चांगलं म्हटलेलं नाही. पण वाईटही म्हटलेलं नाही, आणि मी त्याच्यावर भागवत आलोय.

दुपारी दुकान बंद करताना खालच्या खणातलं स्टॉपवॉच खिशात टाकलं. का ते माहीत नाही. सासरेबुवा कोपऱ्यात डुलक्या घेत होते. निदान तसे दिसत होते.

२९ मार्च, रविवार

समारंभ सकाळी अकराचा. अध्यक्ष नव्या कोटात. मिशीवाल्यांचे नातू, टँकर, नर्सबाई, शंभरएक माणसं. रिंगच्या वर भिंतीवर खिळा आणि त्याच्यावर कापडानं झाकलेला मोठा फोटो. डावखुरा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या शर्टात. इस्त्री त्याची स्वतःचीच.

अध्यक्षांनी मला बोलावलं. मी रिंगमध्ये चढलो, दोन्ही हात दोन खिशांत. दोन्ही हात आत असले की माणूस कागद काढू शकत नाही, हे तिथं उभं राहिल्यावर लक्षात आलं. अध्यक्ष हळूच म्हणाले, काढा ना कागद.

तेवढ्यात सासरेबुवा उठले. म्हणाले, आधी मला वर घ्या. नर्सबाईंनी दोर वर धरले आणि ते वाकून आत आले, मोठ्या कष्टानं. मग त्यांनी डावखुऱ्याला हाक मारली. तो नको नको म्हणत वर आला. लोकांना वाटलं फोटो काढायचाय. टाळ्या झाल्या.

सासरेबुवा माझ्याकडे वळले. दिसणारा डोळा थेट माझ्यावर.

"किती वाजले होते, जावईबापू?"

होते. एवढ्या गर्दीत मी एकटाच असा होतो ज्याला तो प्रश्न समजला. सव्वासात, नक्की? साडेचार, नक्की? दहा, नक्की? चाळीस वर्षं दिवसातून चार वेळा हा माणूस मला एकच गोष्ट विचारत होता, आणि मी त्याला भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगत होतो.

दोन्ही कागद खिशातच राहिले. मी स्टॉपवॉच काढलं आणि वर धरलं. म्हणालो, दोन मिनिटं एकोणपन्नास. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तिथले लोक उभे राहिले.

"नक्की?"

"नक्की, बाबा. अकरा सेकंद आधी दिली मी घंटा. मुद्दाम."

त्यांनी मान हलवली आणि मला बोटानं खाली घंटेपाशी पिटाळलं. मग रिंगच्या मध्यभागी गेले, एक हात नर्सबाईंच्या खांद्यावर ठेवला, दुसरा जमिनीवर टेकला, आणि हळूहळू खाली बसले. गुडघा वाजला तो मला घंटेपाशी ऐकू आला. बसल्यावर ते कलले आणि चक्क आडवे झाले. अध्यक्ष पाणी पाणी करत धावले. सासरेबुवा पडल्या पडल्या म्हणाले, काही झालेलं नाही, तुम्ही बाजूला व्हा. आमचे अकरा सेकंद राहिलेत. सातपर्यंत झालेलं आहे, पुढचं मोजा.

डावखुरा उभ्या जागी थिजला होता. तो म्हणाला, "उठा हो. लोक बघतायत."

"बघू देत. तू तुझ्या कोपऱ्यात जा. उभं राहून मोजणी होत नसते."

तो खरंच कोपऱ्यात गेला. पाठ दोरांना लावून उभा राहिला, आणि त्याचा तो न वळणारा डावा हात आपोआप छातीपाशी आला. मी चाळीस वर्षांनी खटका दाबला, काटा शून्यावर आला, आणि परत दाबला.

नर्सबाईंनी वाकून मोजलं. आठ. नऊ. मला वाटतं नऊला सासरेबुवांचा खांदा जरा हलला. दहा.

कुणी टाळी वाजवली नाही. डावखुरा तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता आणि त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाची पाठ हलत होती. मी पूर्ण अकरा सेकंद थांबलो आणि मगच घंटा दिली.

त्यांना उठवायला तिघं लागले. डावखुऱ्यानं डोळे पुसत विचारलं, "तेव्हा उठला असता का तुम्ही?"

"तेच बघायचं होतं मला," सासरेबुवा म्हणाले. "ह्यानं बघू दिलं नाही."

ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, पण रागानं नाही. एवढी वर्षं मी समजत होतो की मी त्यांना काहीतरी दिलं आणि ते लपवून ठेवलं. त्यांच्याकडून काय घेतलं ते मला आज दुपारी बारा वाजायच्या आत कळलं. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, उठा, आज पडायचा मान माझा आहे.

मग अध्यक्षांची तारांबळ. झाकलेल्या फोटोचं काय करायचं? सासरेबुवा म्हणाले, उतरवा. डावखुऱ्याच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे एक फोटो आहे, तो आणा. टँकर जाऊन घेऊन आला. वाफेनं कडा पिवळ्या पडलेल्या. ती शेवटची फेरी. खुंटा आडवे, पंच वाकलेला, डावखुरा कोपऱ्यात उभा, वय तेवीस. त्यानं चाळीस वर्षं तो फोटो समोर ठेवून शर्ट इस्त्री केले. मी वाफेच्या नावाखाली तिकडे फिरकलो नाही. आणि उजव्या कडेला एक हात आणि घंटेची हातोडी, माणूस चौकटीबाहेर. क्लबाच्या सर्वश्रेष्ठांच्या भिंतीवर माझाही असा हातभार लागला. खजिनदारांनी विचारलं, मग सर्वश्रेष्ठ नक्की कोण? नर्सबाई म्हणाल्या, पाववाला. सगळे हसले, मी सोडून.

क्लबातून मला हाकललं नाही. अध्यक्ष म्हणाले, घंटा मात्र यापुढे इलेक्ट्रिक घेऊ.

परत येताना बायको माझ्या शेजारून चालत होती. भाज्यांबद्दल काही बोलली नाही. वळणावर तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दुसऱ्या बाजूला धरली, म्हणजे तिचा आणि माझा हात मधे मोकळा राहिला. मग तोही धरला.

घरी आल्यावर सासरेबुवा कोट काढून खुर्चीत बसले. गुडघ्याला तेल लावत म्हणाले, "किती वाजले, जावईबापू?"

मी भिंतीवर बघितलं, मनगटावर बघितलं. म्हणालो, सव्वादोन.

"बरं," ते म्हणाले, आणि तेलाची बाटली बंद केली.